नीट घसरतो तोच चांगला क्लच

मोटरसायकलचा क्लच दाबला की लिव्हरचं टोक चांगलं पाच-सहा सेंटिमीटर मुठीकडे येतं. इंजिनाच्या पोटात मात्र तेवढ्याने फारच थोडं हलतं. एकमेकींवर दाबून बसलेल्या सात चकत्यांची चळत जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सैल होते. सात चकत्यांमध्ये घासणारे पृष्ठभाग आठ, म्हणजे एकेका फटीच्या वाट्याला पाव मिलिमीटरसुद्धा येत नाही. या फटीच्या अलीकडे मिनिटाला हजारो फेरे घेणारं इंजिन आणि पलीकडे सिग्नलला निवांत उभं असलेलं चाक. या दोघांची गाठ धक्का न बसता घालून द्यायचं काम डाव्या हाताची बोटं दिवसातून शेकडो वेळा करतात, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला बोलताना लोक अजून नगरच म्हणतात, या बोटांना काम भरपूर. पश्चिमेला अकोले तालुक्यात १६४६ मीटरचं कळसूबाई आणि त्याच्या पायथ्याचे चढउतार. पुण्याहून नाशिकला जाताना संगमनेरजवळ चंदनापुरी घाट, पाथर्डीच्या रस्त्यावर करंजी घाट. आणि जिथं घाट नाही तिथं ऊस आहे. गळीत हंगामात कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे अडकलेला मोटरसायकलवाला किलोमीटरच्या किलोमीटर हाफ क्लचवर जातो. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पहाटे डेअरी गाठणाऱ्याची तर गोष्टच वेगळी. त्याची गाडी दर वाडीवर थांबते आणि दर वाडीवरून पुन्हा शून्यातून उठते.

क्लच म्हणजे इंजिन आणि चाक ‘जोडायचा-तोडायचा’ खटका, असं आपण समजून चालतो. पण जोडलेल्या किंवा तुटलेल्या अवस्थेत क्लचला तसं काहीच कौशल्य लागत नाही. त्याची खरी परीक्षा मधल्या सेकंद-दीड सेकंदात होते, जेव्हा तो घसरत असतो.

इंजिनाची खोड

हे घसरणं लागतंच कशाला? कारण पेट्रोलच्या इंजिनाला एक खोड आहे. ते शून्यापासून जोर लावू शकत नाही. आधी ते फिरत असलं पाहिजे, मग ताकद देणार.

शंभर सीसीची साधी गाडी घ्या. न्यूट्रलमध्ये तिचं इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक एकदा फिरायला इंजिनाचे सुमारे ४० फेरे लागतात. चाकाचा घेर १.९ मीटर धरून गणित मांडलं तर १४०० फेऱ्यांना गाडीचा वेग येतो ताशी ४ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. याहून हळू जायचं असेल आणि इंजिन बंदही पडू द्यायचं नसेल, तर मध्ये कुणीतरी घसरलंच पाहिजे. शून्य ते ताशी चार किलोमीटर हा प्रवास कुठल्याही गिअरमध्ये होत नाही. तो फक्त क्लचमध्ये होतो.

लिव्हर नसलेला क्लच

या अडचणीवर नगरमधून एक फार देखणं उत्तर देशभर गेलं. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. मूळच्या नगरच्या फिरोदिया कुटुंबातले हस्तीमल फिरोदिया हे कंपनीचे संस्थापक, आणि त्यांचे पुत्र अरुण फिरोदिया यांचं नाव या गाडीशी कायमचं जोडलं गेलं. इटलीतल्या पिआजिओ कंपनीच्या चाओ मोपेडच्या धर्तीवर बेतलेली ही ५० सीसीची गाडी. पायाला पॅडल, अंगाने हलकी, चालवायला सोपी. शिक्षक, पोस्टमन, कॉलेजला जाणाऱ्या मुली, बाजारहाट करणारे संसारी लोक लुनावर बसले, कारण तिला क्लचचा लिव्हरच नव्हता. अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा आणि निघायचं.

लिव्हर नव्हता, पण क्लच होता. तो आपणहून लागायचा आणि आपणहून सुटायचा. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर बसवलेले छोटे वजनदार बूट, त्यांना आत ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा आणि भोवताली एक वाटीसारखा ड्रम, एवढाच सगळा प्रकार. इंजिन हळू फिरतंय तोवर स्प्रिंगा जिंकतात आणि बूट आत राहतात. फेरे वाढले की बूट बाहेर फेकले जातात, ड्रमला घासू लागतात, आधी घसरतात आणि मग घट्ट धरतात.

यातली खुबी वर्गाच्या नियमात आहे. फिरणारी वस्तू बाहेरच्या दिशेने किती जोराने ओढली जाईल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. समजा, बुटाचं वजन १०० ग्रॅम आहे आणि तो मध्यापासून ४ सेंटिमीटरवर आहे. मिनिटाला १५०० फेऱ्यांना तो सुमारे १० किलोच्या जोराने बाहेर ओढ घेतो. फेरे दुप्पट म्हणजे ३००० झाले की ही ओढ होते ४० किलो. वेग दुप्पट, जोर चौपट. शंभर ग्रॅमचं लोखंड नुसतं वेगाच्या बळावर स्वतःच्या वजनाच्या चारशेपट ताणतं! त्यामुळेच सिग्नलला लुना शांत उभी राही आणि मूठ पिळली की अलगद पकड घेई. कुठलाही सेन्सर नाही, वायर नाही, बोटांचं कौशल्य नाही. स्प्रिंग किती कडक ठेवायची, एवढ्या एका निर्णयात गाडी कधी उचलणार ते ठरून जातं.

हीच कल्पना होंडाने १९५८ च्या सुपर कबमध्ये वापरली होती. तिथं गिअर होते, पण क्लचचा लिव्हर नव्हता, म्हणजे सोबा नूडल्सची डिलिव्हरी करणाऱ्या पोऱ्याला एका हाताने गाडी चालवता यावी. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडाने आपल्याकडे पट्ट्याचा गिअर आणला, आणि आज घरोघरी दिसणाऱ्या गिअरलेस स्कूटरमध्ये मागच्या चाकापाशी फिरतो तो अशाच बुटांचा क्लच. लुना रस्त्यावरून कमी झाली, पण तिच्या क्लचचं तत्त्व गल्लोगल्ली रोज फिरतंय.

मग मोटरसायकलने लिव्हर का सोडला नाही? कारण आपोआप लागणारा क्लच फक्त वेगाचं ऐकतो. पुढे खड्डा आहे, चढाला दगड आलाय, मागे बायको-लेकरं बसली आहेत, हे त्याला कळत नाही. बोटांना कळतं.

आठ पृष्ठभागांची चळत

क्लचचं झाकण उघडताना गॅरेजमध्ये जरा थांबून बघावं. आधी इंजिन ऑइल काढतात, किक उतरवतात, झाकणाचे स्क्रू सैल करतात आणि गॅस्केट हलक्या हाताने सोडवतात. आत एक गोल डबा दिसतो, त्याला हाउसिंग म्हणतात. चळत दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे स्प्रिंगचे बोल्ट जाणता मिस्त्री एकदम काढत नाही. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करतो, नाहीतर प्लेट वाकडी होते. मग एकेक चकती बाहेर येते. तपकिरी चौकोनी तुकडे चिकटवलेली घर्षण प्लेट, मग गुळगुळीत पोलादी प्लेट, पुन्हा तपकिरी, पुन्हा पोलादी. तपकिरींचे दात बाहेरच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बाजूला अडकलेले. पोलादींचे दात आतल्या हबमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला.

अशी चळत रचण्यामागचा हिशेब मोठा छान आहे. घर्षणाचा जोर चकतीच्या क्षेत्रफळावर जवळजवळ अवलंबून नसतो. तो दाबावर आणि पृष्ठभागाच्या जातीवर ठरतो. म्हणून एकच भली मोठी चकती लावून फारसा फायदा होत नाही. पण त्याच स्प्रिंगांचा तोच दाब चळतीतल्या प्रत्येक फटीवर पूर्णच्या पूर्ण पडतो. चार घर्षण प्लेट असल्या तर आठ पृष्ठभाग, आणि पकड थेट आठपट. स्प्रिंगा त्याच, बोटांना लागणारा जोर तोच. तळहातावर मावणाऱ्या डब्यात संपूर्ण इंजिनाची ताकद धरून ठेवता येते ती या आठपटीमुळे.

आणखी एक कोडं आहे. ही सगळी चळत तेलात बुडालेली असते. पकड हवी आहे आणि वर तेल ओतलंय! सायकलच्या ब्रेकला कुणी तेल लावेल का? पण घर्षण प्लेटवरचं साहित्य विशेष असतं. पूर्वी बुचाच्या झाडाची साल वापरत, आता कागदासारखे सच्छिद्र तंतू राळेत घट्ट केलेले असतात. दाब पडला की तेल त्या छिद्रांत आणि तुकड्यांमधल्या चरांत सरकतं आणि पातळ थर शिल्लक राहून पकड बसते. तेलामुळे पकड थोडी कमी मिळते हे खरं, पण ती जागच्या जागी, सौम्यपणे बसते, आणि घसरताना तयार झालेली उष्णता तेल वाहून नेतं. कोरड्या क्लचला एवढं घसरणं सोसत नाही.

नगरमध्ये या तत्त्वाचं अवाढव्य रूपही वावरतं. इथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये रणगाडा चालवायला शिकवतात. टी-७२ हा ४१ टनांचा रणगाडा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गिअरबॉक्स असतो आणि त्यात तेलात बुडालेल्या घर्षण प्लेटांच्या चळती तेलाच्या दाबाने दाबल्या जातात. वळायचं असेल तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूचा गिअरबॉक्स एक गिअर खाली येतो, त्या बाजूचा पट्टा हळू होतो आणि रणगाडा वळतो. स्टिअरिंगचं चाक नाही, वळवणाऱ्या चाकांची जोडी नाही. आपल्या मोटरसायकलच्या मुठीत जे आहे, त्याच जातीच्या प्लेटांवर ४१ टन लोखंड दिशा बदलतं.

निम्मी ताकद उष्णतेत

गाडी उभी आहे, इंजिन ठरावीक फेऱ्यांवर धरलंय आणि तुम्ही क्लच सोडताय. इंजिनाच्या बाजूचा वेग तोच राहतो, गिअरच्या बाजूचा शून्यापासून वाढत त्याला येऊन मिळतो. त्या काळात चाकाच्या बाजूचा सरासरी वेग इंजिनाच्या बाजूच्या निम्माच असतो. त्यामुळे क्लचमधून जेवढी ऊर्जा येते तिच्यातली बरोबर निम्मी गाडीला मिळते आणि निम्मी प्लेटांमध्ये तापून जाते. हात कितीही सराईत असला तरी हा वाटा टळत नाही. क्लच हळू सोडा की पटकन, निम्मी उष्णता ठरलेली.

पण कशाची निम्मी, ते मात्र आपल्या हातात आहे. गाडी, चालवणारा आणि दुधाचे कॅन मिळून २५० किलो वजन धरू. सपाट रस्त्यावर इंजिन ३००० फेऱ्यांवर धरून क्लच सोडला, तर दोन्ही बाजूंचे वेग ताशी साडेआठ किलोमीटरला जुळतात आणि प्लेटांमध्ये सुमारे ७०० ज्यूल उष्णता पडते. तेच इंजिन ६००० फेऱ्यांवर कर्कश रेस करून सोडलं, तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे सुमारे २८०० ज्यूल. इथेही तोच वर्गाचा नियम. म्हणून कमी रेसवर उचललेली गाडी आणि रेस करून उचललेली गाडी यांच्या क्लच प्लेटांच्या आयुष्यात एवढं अंतर पडतं.

चढावर तर आणखी वेगळा प्रकार. ब्रेक न लावता, हाफ क्लचवर गाडी जागच्या जागी तोलून धरायची काहींना हौस असते. दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या घाटात, २५० किलो वजनाला, २५०० फेऱ्यांवर असं तोलून धरलं तर क्लचमध्ये दर सेकंदाला सुमारे ५०० ज्यूल उष्णता पडत राहते. बादलीत पाणी तापवायच्या हजार वॅटच्या रॉडच्या निम्मी. गाडी एक इंचही पुढे जात नाही आणि प्लेटा मात्र तापलेल्या तेलात भाजून निघतात. असं वारंवार झालं की पोलादी प्लेटवर निळी झाक येऊ लागते, घर्षण प्लेटचं साहित्य काचेसारखं गुळगुळीत होतं. मग गॅरेजमध्ये तोच संवाद ऐकू येतो: गाडी रेस होते, पण पळत नाही. घाटात थांबायचं तर मागचा ब्रेक दाबून, क्लच पूर्ण दाबून किंवा न्यूट्रल करून थांबावं. पुन्हा निघताना ब्रेकवर गाडी धरून क्लच थोडा पकड घेऊ द्यावा आणि मग ब्रेक सोडावा. उसाच्या ट्रॉलीमागे सरकताना सतत बोट ठेवून घसरत जाण्यापेक्षा थोडं अंतर पडू द्यावं आणि मग पूर्ण सोडलेल्या क्लचवर पहिल्या गिअरमध्ये जावं. वेग ताशी चार किलोमीटरपर्यंत उतरला तरी पहिला गिअर स्वतःच सांभाळून घेतो, हे आपण वर पाहिलंच.

वायरीचं वजन

क्लच जड झाला म्हणून प्लेटा बदलणारे बरेच असतात. पण क्लच जड होतो तो बहुधा प्लेटांमुळे नाही, वायरीमुळे. नळीतून सरकणाऱ्या या वायरीचं पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ मध्ये घेतलं. तेव्हापासून ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, क्लच सगळीकडे तीच चालते. तिची खोड अशी, की वाकणात ती ताण खाते, आणि तोही गुणाकाराने.

हँडलपासून इंजिनापर्यंत वायरीला सगळी मिळून अर्ध्या वर्तुळाइतकी वळणं असतील असं धरा. क्लचच्या टोकाला १० किलोची ओढ हवी असेल, तर वायर आतून नीट वंगणलेली असताना लिव्हरकडून सुमारे १४ किलो ओढ द्यावी लागते. तीच वायर कोरडी, धूळभरली, जरा गंजलेली असेल तर २६ किलो. प्लेटा त्याच, स्प्रिंगा त्याच, बोटांवरचा भार जवळजवळ दुप्पट. वायर दाबून बसलेली, हँडलच्या लॉकपाशी मोडलेली किंवा कुठल्या तरी नटाखाली चिमटलेली असेल तर हाच आकडा आणखी चढतो. म्हणून वायर टाकताना तिचा मार्ग मोठ्या, सौम्य वळणांचा ठेवावा. वायरीचं वरचं टोक काढून पातळ तेलाचे काही थेंब खालून बाहेर येईपर्यंत सोडावेत. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या नव्या वायरींना मात्र कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तेच वापरावं, जाड ग्रीस भरू नये.

वायरीची दुसरी बाब म्हणजे ढील. लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर काही अंतर तो नुसताच हलतो, मग भार लागतो. लिव्हरच्या टोकाला मोजली तर बहुतेक साध्या गाड्यांमध्ये ही ढील १० ते २० मिलिमीटर असावी लागते. ढील अजिबात नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, प्लेटा पूर्ण पकडत नाहीत आणि हळूहळू जळतात. ढील फार असेल तर लिव्हर पूर्ण ओढूनही प्लेटा पुरेशा सुटत नाहीत. आत उपलब्ध असलेलं अंतर एकूण दीड-दोन मिलिमीटर आहे हे लक्षात घेतलं, की ढिलीतले काही मिलिमीटर किती महाग पडतात ते कळतं. प्लेटा झिजतात तशी ढील कमी होत जाते, म्हणून ही तपासणी सर्व्हिसिंगच्या कागदावरच्या एका टिकेपुरती सोडू नये. स्वतः बोटाने बघावी.

गिअर दातांना नाही, खुंट्यांना लागतो

गिअर बदलताना दोन चाकांचे दात एकमेकांत जाऊन बसतात, असा पुष्कळांचा समज असतो. मोटरसायकलमध्ये तसं होत नाही. सगळ्या गिअरचे दात कायमच एकमेकांत अडकलेले फिरत असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक दांड्यावर मोकळं फिरतं. पायाने लिव्हर दाबला की आतला नक्षीदार ड्रम थोडा फिरतो, त्याच्या वळणदार चरांतून सरकणारा फोर्क एक चाक बाजूला ढकलतो, आणि त्या चाकाच्या अंगावरच्या जाडजूड खुंट्या शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. एवढंच. मोकळं चाक दांड्याला बांधलं गेलं. पायाने एक पायरी वर किंवा खाली आणि प्रत्येक वेळी एकच गिअर, ही सोय १९२० च्या दशकाच्या शेवटी वेलोसेट कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस यांनी रुळवली. त्याआधी टाकीच्या बाजूचा दांडा हाताने सरकवत.

आता खुंट्या आणि खाचा वेगवेगळ्या वेगाने फिरत असतील तर त्या एकमेकींवर आपटणारच. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना शंभर सीसीच्या गाडीत इंजिन ५००० फेऱ्यांवर असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात ते साधारण ३६०० वर असायला हवं. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्षणभर इंजिनाला उतरायला वेळ मिळाला पाहिजे. क्लच पूर्ण दाबायचा, मूठ सोडायची, पाय ठाम पण हलका आणि मग क्लच. खाली उतरताना उलट. इंजिनाला चढावं लागतं, म्हणून क्लच दाबलेला असतानाच मुठीला एक छोटा पीळ द्यायचा आणि मग गिअर टाकायचा. नुसतं क्लच सोडून चाकाला इंजिन ओढायला लावलं तर मागचं चाक थरथरतं आणि तो झटका प्लेटांवर येतो.

गिअर जोरात लाथाडला तर फोर्क वाकतो. वाकलेला फोर्क म्हणजे मधूनच सुटणारा गिअर. पाय अर्धवट दाबला तर खुंट्या कडेवरच अडकतात आणि दोन गिअरच्या मध्ये भलताच न्यूट्रल सापडतो. गिअर मऊ पडतो तो पायाच्या ताकदीने पडत नाही, दोन वेग जुळलेले असले की पडतो.

सकाळी पहिला गिअर टाकताना ‘खट्’ असा आवाज येतो, त्याचंही कारण त्याच पाव मिलिमीटरात आहे. रात्रभर थंड झालेलं तेल जाड असतं आणि प्लेटा त्या थराने एकमेकींना चिकटतात. क्लच दाबला तरी त्या एकमेकींना ओढत राहतात, आणि फिरत्या खुंट्या थांबलेल्या खाचांवर आदळतात. गाडी सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन किका मारल्या की प्लेटा सुटतात. दिवसभर तोच आवाज येत राहिला तर मात्र ढील, वाकलेल्या पोलादी प्लेटा किंवा हाउसिंगच्या बोटांना पडलेल्या खाचा बघाव्यात. या खाचांत प्लेटांचे दात अडकले की फटी समान उघडत नाहीत आणि क्लच तुटक, झटक्याने पकडतो.

तेलाच्या डब्यावरची दोन अक्षरं

मोटरसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना बहुधा एकच तेल. मोटारीचं तेल असं नसतं, त्यात इंजिनाचं घर्षण आणखी कमी करणारे पदार्थ असतात. इंधन वाचवायला ते चांगले, पण तेलात भिजलेल्या क्लचला तेच नकोत. म्हणून जपानमधल्या जासो या मानक संस्थेने १९९० च्या दशकाच्या शेवटी मोटरसायकलच्या तेलासाठी मानक काढलं. डब्यावर एम-ए किंवा एम-ए-टू लिहिलेलं तेल पकड राखतं आणि क्लच असलेल्या मोटरसायकलला चालतं. एम-बी लिहिलेलं तेल कमी घर्षणाचं, ते गिअरलेस स्कूटरसाठी. घरात स्कूटर आणि मोटरसायकल दोन्ही असतील आणि हाच एम-बीचा डबा दोघींत ओतला, तर स्कूटर खूश राहील पण मोटरसायकलचा क्लच घसरू लागेल. बाजारातल्या ‘घर्षण कमी करणाऱ्या’ जादूच्या बाटल्यांनाही हेच लागू. क्लच असलेल्या गाडीत घर्षण हा शत्रू नसतो.

पुढे काय

अलीकडच्या मोठ्या गाड्यांनी एक चतुर युक्ती आणली. हब आणि प्रेशर प्लेटच्या मधे तिरके उतार कापलेले असतात. इंजिन चाकाला ढकलतं तेव्हा ते उतार प्लेटांना आणखी दाबतात, म्हणून स्प्रिंगा हलक्या चालतात आणि लिव्हर मऊ लागतो. उलट, गिअर खाली टाकल्यावर चाक इंजिनाला ढकलू लागलं, की तेच उतार प्लेटा थोड्या सैल करतात आणि मागचं चाक घसटत नाही. ज्या ताकदीला क्लचने आवरायचं, तीच ताकद क्लचला मदत करायला लावली आहे! चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या आणि बजाजच्या डॉमिनारसारख्या गाड्यांमध्ये हा क्लच आहे.

अशी नवी गाडी रस्त्यावर येण्याआधी ती तपासणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक नगरमध्येच आहे. वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई. १९२९ मध्ये आताच्या पाकिस्तानातल्या चकलाला इथं सुरू झालेल्या कार्यालयातून वाढत ती १९४७ मध्ये नगरला आली. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या वाहनाचा नमुना विक्रीआधी तपासून प्रमाणित करण्याचा अधिकार तिला आहे. लष्कराच्या वाहनांपासून साध्या दुचाकीपर्यंत चाचण्या इथं होतात.

आणि लुना? २०२४ मध्ये ती ई-लुना म्हणून परत आली. तिची चॅसी आणि मुख्य भाग बनवायला नगरच्याच कायनेटिक इंजिनिअरिंगने उत्पादन लाइन उभारली. विजेच्या मोटारीला पेट्रोलच्या इंजिनाची खोड नाही, ती शून्य फेऱ्यांवरच पूर्ण जोर लावते. म्हणून जुन्या लुनाला लिव्हर नव्हता आणि नव्या लुनाला क्लचच नाही.

पेट्रोलची मोटरसायकल मात्र अजून बरीच वर्षं आपल्या दारात उभी राहणार आहे. तिचा क्लच त्रास देऊ लागला, की लगेच ‘प्लेटा बदला’ म्हणू नका. आधी ढील मोजा. मग वायर हातात घेऊन बघा, मऊ सरकते का. मग तेलाच्या डब्यावरची अक्षरं वाचा. हे तिन्ही ठीक असून गाडी रेस होत असेल आणि पळत नसेल, तरच झाकण उघडा, आणि उघडलंच तर पोलादी प्लेट काचेवर ठेवून वाकली आहे का तेही बघायला सांगा. पहिल्या तीन तपासण्यांना पाच मिनिटं लागतात आणि खर्च जवळजवळ शून्य.